सोळावा अंक

शनिवार, रात्र

खाते क्रमांकाच्या शेवटी 7 होता. घरातल्या नोंदी संगणकावर घेताना केलेल्या यादीत तिथे आता 0 दिसतोय. एवढंच झालंय, पण संध्याकाळपासून दुसरं काही सुचत नाही.

कारण ठाऊक आहे. एक्सेलसारखी स्प्रेडशीट संख्येचे पंधराच अंक जपते, सोळाव्याच्या जागी शून्य ठेवते. खाते क्रमांक, मोबाइल, पिनकोड यांची बेरीज आपण कधी करत नाही, म्हणजे ते आकडे नव्हेतच. रकाना आधी टेक्स्ट, म्हणजे नुसता मजकूर, करायचा, मग टाइप करायचं. उलट क्रमाने केलं तर गेलेला अंक परत येत नाही. हे ठाऊक असूनही... जाऊ दे.

आईच्या लाल वहीत तो 7 जागच्या जागी आहे.

वही कुणालाही उघडता येते. मी जे सॉफ्टवेअर निवडेन ते पंधरा वर्षांनी घरातलं कोण उघडणार? फॉर्म किती देखणे, रिपोर्ट किती सुबक, हे सगळं त्यानंतरचं. मॅकवरचं बेंटो घरगुती नोंदींसाठीच होतं; 2008 मध्ये आलं, 2013 मध्ये बंद झालं. ज्यांनी पत्ते, पाककृती, विम्याचे हप्ते त्यात भरले त्यांचं काय झालं असेल, हेच डोक्यात फिरतंय.

नोंदी ठेवायचं मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस 1992 पासून टिकून आहे, फॉर्म बनवायला त्याच्याइतकं सोपं क्वचितच काही. दोन जीबीची मर्यादा घराला कधी आडवी येणार नाही. पण विंडोजशिवाय ते चालत नाही, आणि पुढे घरात कुठला संगणक असेल कुणास ठाऊक. तशाच कामाचं लिबरऑफिस बेस फुकट आहे, सगळीकडे चालतं. त्याची ओडीबी फाइल म्हणजे खरं तर एक झिप, अनेक फाइलींचं गाठोडं. आत नोंदी सांभाळणारा एचएसक्यूएलडीबी चालायला जावा हे वेगळं सॉफ्टवेअर मागतो, आणि फाइल सेव्ह होण्याआधी प्रोग्राम कोसळला तर नोंदी जाऊ शकतात. पुन्हा तोच सोळावा अंक.

म्हणून एसक्यूलाइट, नोंदी साठवायचं आणखी एक सॉफ्टवेअर. सगळा डेटा एका फाइलीत, फाइलची रचना जाहीर, आणि करणाऱ्यांनी 2050 पर्यंत सांभाळायचं ठरवलंय. ती फाइल उघडून भरायला वरून डीबी ब्राउझर हा प्रोग्राम. त्यात ‘राइट चेंजेस’ दाबेपर्यंत बदल पक्के होत नाहीत, हे घरात प्रत्येकाला सांगून ठेवावं लागेल. तक्ते तीनच: माणसं, खाती, कागदपत्रं. खात्याच्या नोंदीत नाव-पत्ता पुन्हा लिहायचा नाही, माणसाचा क्रमांक द्यायचा. नाहीतर पत्ता बदलला की चार ठिकाणी दुरुस्ती, आणि त्यातली एक राहणारच. प्रत प्रोग्राम बंद करूनच काढायची, कारण चालू असताना ताज्या नोंदी कधीकधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत असतात. फाइलीला मुळात कुलूप नाही, तेव्हा पासवर्ड त्यात ठेवायचे नाहीत.

मराठीचं मात्र दुखतंच. एसक्यूलाइट नावं युनिकोडच्या, म्हणजे संगणकाने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या, क्रमाने लावतं, तिथे ळ येतो ल नंतर लगेच. आपला ळ ह च्या पुढे. त्यामुळे काळे कासारांच्या आधी जाऊन बसतात. ॲ एकाच अक्षराने टाइप होतो आणि अ वर चंद्र देऊनही होतो. डोळ्यांना सारखाच, शोधताना मात्र एकाने लिहिलेलं दुसऱ्याने सापडत नाही. नाव आहे, पण हाक मारली तर ओ देत नाही. एकच कीबोर्ड वापरायचा, आणि क्रमासाठी वेगळा रकाना ठेवायचा, हाच उपाय.

ळ कुठेही बसू दे, शोधला तर सापडतो. दर दिवाळीला तिन्ही तक्ते यूटीएफ-8 सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, काढायचे, ते साध्या नोटपॅडमध्येही वाचता येतात. एक छापील प्रत लाल वहीत. वही कपाटातच राहू दे, मोडीत कशाला काढायची.

उद्या ती समोर घेऊन बसायचं. पहिली नोंद त्याच खात्याची, टेक्स्ट रकान्यात, सोळाही अंक.