केदारेश्वरची गुहा, पण गेममधली!

आज अख्खा रविवार पेन टॅब्लेटवर चित्र काढण्यात गेला आणि जाम मजा आली! हरिश्चंद्रगडावरची केदारेश्वरची गुहा आहे ना, मधोमध शिवलिंग, भोवती बर्फासारखं गार पाणी आणि चार खांबांपैकी एकच शाबूत, ती बघितल्यापासून डोक्यात होतं की फँटसी गेममधल्या शेवटच्या बॉसची (सगळ्यात तगड्या शत्रूची) जागा अशीच असायला हवी. मग क्रिटा उघडलं (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, वापरून बघा) आणि आधी नुसत्या काळ्या-करड्यात थंबनेल्स, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, काढली, कारण उजेड-अंधार जमला नाही तर वरून कितीही रंग ओता, चित्र सपाटच दिसतं. खांबापाशी एक इवलासा मशालवाला उभा केला आणि गुहा एकदम अवाढव्य वाटायला लागली! पाण्यातलं मशालीचं प्रतिबिंब वेगळ्या लेयरवर, कलर डॉजने (खालचे रंग उजळवणारा मोड), अगदी हलक्या हाताने, सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. ड्रॅगन मुद्दाम टाकला नाही. आपल्याकडे लेणी, बारवा, बुरूज एवढं सगळं असताना आपण युरोपातले किल्लेच काढत बसतो हे मला खरंच खटकतं. पुढचं चित्र लोणारच्या दैत्यसूदन मंदिरावरून करतेय, कोणाकडे तिथल्या छताच्या कोरीवकामाचे चांगले फोटो असतील तर पाठवा प्लीज.