चित्राचा समास

माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोरच्या भिंतीवर स्त्रियांच्या बुटांच्या एका जाहिरातीचे मूळ चित्र आहे. चौदा इंच रुंदीचे हे चित्र जाड पुठ्ठ्यावर काळ्या-पांढऱ्या जलरंगात काढलेले आहे आणि त्यावर चित्रकाराची सही नाही. बाकावर बसलेली एक तरुणी वाकून बुटाचे बटण लावते आहे. तिच्या कपड्यांवरून हे चित्र 1910 च्या आसपासचे असावे, असा माझा अंदाज आहे. तिच्या डोक्यावरची बरीच मोठी जागा कोरी आहे, कारण तिथे मजकूर यायचा होता. मजकुराची कागदी पट्टी कधीतरी गळून पडली आणि तिच्या जागी डिंकाचा तपकिरी डाग उरला. चारही कोपऱ्यांत टाचण्यांची भोके आहेत. खालच्या समासात फिकट निळ्या पेन्सिलीने काढलेले दोन बाण असून त्यांच्यामध्ये लिहिले आहे : 7 इंच.

घरी येणारे पाहुणे त्या तरुणीकडे पाहतात. मी त्यांना आधी समास दाखवतो, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिकन व्यावसायिक चित्रे जमवण्याचा माझा छंद खरे तर त्या समासापासूनच सुरू झाला. हे चित्र भिंतीवर लावण्यासाठी काढलेलेच नव्हते. ते छापखान्याकडे जाणारे कामाचे कागदपत्र होते. त्यावरून छपाईचा धातूचा ठसा, म्हणजे ब्लॉक, तयार झाला की त्याचे काम संपले. ज्या वस्तूचे काम संपले ती सहसा फेकली जाते, आणि म्हणूनच जे वाचले त्याच्या अंगावर त्या कामाच्या खुणा शिल्लक असणे मला फार मोलाचे वाटते.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो, आणि या चित्रकलेचे माहेर माझ्या घरापासून मोटारीने तासाभराच्या आत आहे. अमेरिकन चित्रकार हॉवर्ड पाइल यांनी 1894 पासून फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत कथाचित्रण शिकवायला सुरुवात केली आणि 1900 साली शेजारच्या डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे स्वतःची शाळा काढली, जिथे निवडलेल्या विद्यार्थ्यांकडून ते शिकवण्याची फी घेत नसत. एन. सी. वायेथ, जेसी विलकॉक्स स्मिथ, फ्रँक स्कूनोव्हर, हार्वी डन ही सगळी त्यांची शिष्यपरंपरा. पाइल 1911 मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी विल्मिंग्टनच्या नागरिकांनी त्यांची चित्रे गावातच राहावीत म्हणून संस्था स्थापन केली. आजचे डेलावेअर कलासंग्रहालय त्यातूनच उभे राहिले. तिथे मी पहिल्यांदा पाइल यांची करड्या रंगातली तैलचित्रे जवळून पाहिली. समुद्र, जहाजे, माणसांची गर्दी, सगळे काही तेलरंगात रंगवलेले, पण रंग मात्र काळा, पांढरा आणि त्यांच्या मधल्या छटा एवढेच.

हे असे का, याचे उत्तर छापखान्यात आहे. 1880 च्या दशकानंतर हाफटोन पद्धत रुळली आणि लाकडावर चित्र कोरणाऱ्या कारागिराची जागा कॅमेऱ्याने घेतली. चित्राचा फोटो जाळीच्या काचेतून घेतला जाई, त्यामुळे छटांचे लहानमोठे ठिपके होत आणि त्यांचा धातूचा ब्लॉक तयार होई. मासिकाची आतली पाने एकाच काळ्या शाईत छापायची असत. त्या काळच्या फोटोच्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसत नसे, म्हणजे तो छापताना काळा पडे, आणि निळा मात्र पांढऱ्यासारखा उतरे. रंगीत चित्राचे काळ्या शाईत काय होईल याचा भरवसा नसल्याने अनुभवी चित्रकार मुळातच करड्या छटांमध्ये रंगवत. माझ्या बुटांच्या जाहिरातीतली ती निळी पेन्सिलही याच कारणाने निळी आहे. कॅमेऱ्याला ती दिसत नसे, म्हणून मासिकाच्या कला विभागातला माणूस चित्रावर निर्धास्तपणे सूचना लिहू शकत असे. चौदा इंचांचे चित्र सात इंचांवर आणायचे, एवढाच त्या दोन बाणांचा अर्थ. चित्रे मुद्दाम मोठी काढली जात, कारण लहान होताना रेषा घट्ट होत आणि हाताचा किरकोळ ढिलेपणा झाकला जाई.

मुखपृष्ठांवर रंग होते, पण तेही मोजून मापून. ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाची मुखपृष्ठे कितीतरी वर्षे लाल आणि काळ्या अशा दोनच शायांत छापली जात. चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांचे पहिले मुखपृष्ठ 20 मे 1916 रोजी प्रसिद्ध झाले तेही त्याच मर्यादेत. पूर्ण रंगीत मुखपृष्ठ यायला फेब्रुवारी 1926 उजाडले. त्याआधीचे एखादे मूळ तैलचित्र समोर आले की लाल मफलर, काळा कोट आणि बाकी सारे करडे, अशी ती रचना पाहून कोणालाही ती चित्रकाराची आवड वाटेल. मला मात्र त्या मर्यादेत राहून त्यांनी लाल रंग नेमका कुठे खर्च केला, हे पाहण्यात विलक्षण आनंद मिळतो.

जे. सी. लायेंडेकर यांच्याबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण मूळ चित्रांचे नशीब किती लहरी असते हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. जर्मनीत जन्मलेल्या या चित्रकाराने ‘पोस्ट’साठी 322 मुखपृष्ठे केली आणि 1905 पासून सुमारे पाव शतक ‘अ‍ॅरो’ छापाच्या शर्टाच्या कॉलरच्या जाहिराती रंगवल्या. त्या जाहिरातींतल्या देखण्या तरुणाला, तो खरोखरच कोणी आहे असे समजून, लोक पत्रे पाठवत. 1951 मध्ये लायेंडेकर न्यू रोशेल येथे वारले तेव्हा त्यांची मागणी कधीच ओसरली होती. आपले कागदपत्र आणि चित्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. त्यांचे आयुष्यभराचे सोबती आणि मॉडेल चार्ल्स बीच यांनी ती पूर्णपणे पाळली नाही, आणि पुष्कळ कामे घराच्या अंगणातल्या विक्रीत कवडीमोलाने गेली. मे 2021 मध्ये त्यांच्याच 1914 सालच्या फुटबॉल खेळाडूच्या मुखपृष्ठाचे मूळ चित्र डॅलसच्या हेरिटेज लिलावात 41 लाख डॉलरच्या वर विकले गेले.

अशा किमती माझ्या आवाक्यातल्या नाहीत आणि त्यांचे मला वैषम्यही नाही. लायेंडेकर यांचे मला सर्वांत जास्त आवडणारे काम म्हणजे त्यांचे कच्चे अभ्यास. कॅनव्हासच्या एकाच तुकड्यावर एक हात, त्याच हाताची दुसरी ठेवण, कोटाची एक घडी, शेजारी अर्धाच चेहरा. आणि त्यावरून पेन्सिलीच्या चौकटी आखलेल्या, म्हणजे चौकटीमागे चौकट घेत ते मोठ्या कॅनव्हासवर उतरवता यावे. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन येथील हॅगिन संग्रहालयात त्यांच्या कामाचा मोठा संग्रह आहे. तिथे उभे राहून तो रुंद, तिरका, एकदाच ओढलेला ब्रशचा फटकारा पाहिल्यावर छापील पान किती कमी सांगत होते हे कळते.

नव्याने या छंदाकडे वळणारे मला विचारतात की मूळ चित्र ओळखायचे कसे. दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ ठेवावे. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापील प्रत. चित्रकार मॅक्सफील्ड पॅरिश यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवायला हवे. त्यांच्या 1922 च्या ‘डेब्रेक’ या चित्राच्या छापील प्रती अमेरिकेतल्या असंख्य घरांत लागल्या होत्या आणि आजही जुन्या वस्तूंच्या दुकानांत त्या मूळ चित्राच्या थाटात मांडलेल्या आढळतात. मूळ चित्र एकच, आणि ते 2006 मध्ये 76 लाख डॉलरना गेले. भिंगानंतर चित्र उलटून पाठ पाहावी. शिक्के, तारखा, क्रमांक, परत पाठवण्याचा पत्ता, हे सारे पाठीवरच असते. शाईच्या चित्रांत चूक झाकायला लावलेला पांढरा रंग तिरप्या उजेडात उंचवट्यासारखा दिसतो. तो शिशाचा असेल तर हवेतल्या गंधकाने काळवंडलेलाही असतो. फ्रँकलिन बूथ यांच्यासारख्या शाईकाराच्या रेषा तर भिंगाखालीच पाहाव्यात. लहानपणी त्यांनी मासिकांतली लाकडी ठशांची चित्रे टाकाने काढलेली आहेत असे समजून गिरवली, आणि त्या गैरसमजातून त्यांची अजोड रेषा घडली.

काही वर्षांपूर्वी मी एका कथेसाठी काढलेले शाईचे चित्र घेतले आणि ते चौकटीत बसवण्यासाठी एका कारागिराकडे दिले. त्याने तयार चौकटीच्या मापात बसावे म्हणून चारही बाजूंचा समास कापून टाकला आणि स्वच्छ, नेटके चित्र माझ्या हाती ठेवले. कापलेल्या पट्ट्यांवर मासिकाचा अनुक्रमांक, पानाचा आकडा आणि चित्रकाराने ब्लॉकवाल्यासाठी लिहिलेली ओळ होती. पट्ट्या कचऱ्यात गेल्या होत्या. ते दुःख अजून गेलेले नाही. त्या माणसाला चित्र दिसले आणि समास दिसला नाही, यात त्याची वाईट भावना नव्हती, पण ते चित्र कोणत्या अंकासाठी काढले होते हे शोधण्याचा एकमेव धागा त्या कात्रीने तोडला. आता मी प्रत्येक चित्राबरोबर लेखी सूचना देतो : काहीही कापू नये, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि पाठीचा पुठ्ठा आम्लरहित असावा, पाठीवरचे शिक्के झाकले तरी त्यांवर काहीही चिकटवू नये, आणि शक्य तिथे माउंटची खिडकी समासासकट ठेवावी. जुन्या पुठ्ठ्यांचा गाभा हलक्या लगद्याचा असे, तो कालांतराने तपकिरी आणि ठिसूळ होतो आणि कोपरे बिस्किटासारखे तुटतात. यावर घरच्या घरी कोणताही उपाय करू नये, कागदाच्या जतनतज्ज्ञाकडेच जावे.

आपल्याकडे दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठे पाहत मी वाढलो. तेव्हा त्या छापील पानामागे कुठेतरी एक मोठे, हाताने रंगवलेले, कडेला सूचना लिहिलेले मूळ चित्र असणार, हा विचार कधी मनात आला नव्हता. विल्मिंग्टनला पाइल यांची चित्रे पाहताना तो पहिल्यांदा आला.

बुटांच्या जाहिरातीचे छापील पान मी सहा वर्षे शोधत होतो. गेल्या हिवाळ्यात एका ग्रंथालयात स्त्रियांच्या एका मासिकाचे बांधीव खंड चाळताना ते सापडले. तरुणीच्या डोक्यावर, डिंकाच्या डागाच्या जागी, बुटांचे नाव आणि किंमत होती. पानावरही चित्रकाराचे नाव नव्हते. मी मोजपट्टी घेऊन छापील चित्राची रुंदी मोजली. ती बरोबर सात इंच होती. पानाची नक्कल काढून ती एका आम्लरहित पाकिटात घातली आणि ते पाकीट आता चौकटीच्या पाठीमागे, शिक्क्यापासून दोन बोटे अंतरावर, लावलेले आहे.