समेवर गप्प बसा: कॅरलला रेगेचा ठेका

डिसेंबर लागला की नागपुरात सदर-मोहननगरकडे नाताळच्या कॅरलच्या तालमी सुरू होतात. एखादं कॅरल रेगेत बसवायचं तर अडचण वाद्यांची नसते, समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची असते. आपल्या ढोलकवाल्याला समेवर थाप दिल्याशिवाय चैन पडत नाही, आणि जमैकाच्या रेगेचा जो 'वन ड्रॉप' ठेका, त्यात नेमकी तीच मात्रा रिकामी. तबला शिकलेल्याला रूपक तालाची आठवण करून द्या. तिथेही सम 'खाली'च्या, म्हणजे जोरदार थाप नसलेल्या मात्रेवरच येते, लगेच उमगतं.

केरव्याच्या ८ मात्रा धरा, लय मिनिटाला १४० ते १५०. १ आणि ५ मोकळ्या. ३ आणि ७ वर किक (ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेची 'टक' एकदम. कहोन (वर बसून हातांनी वाजवायची लाकडी पेटी) असेल तर एका तळव्याने मध्यभागी आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वरच्या कडेला, एकाच क्षणी. जरा मागेपुढे झालं की दोन ठोके वेगळे ऐकू येतात आणि ठेका लंगडतो.

गिटार २, ४, ६, ८ वर, फक्त उंच सुराच्या तीन-चार पातळ तारांवर. इथे हमखास चूक होते ती ओपन कॉर्डची: जी, सी, डी ओपन धरले तर मोकळ्या तारा घुमत राहतात, 'चक्' येतच नाही. बार कॉर्ड, म्हणजे एक बोट तारांवर आडवं दाबून धरायचे कॉर्ड धरा: जी आणि सी तिसऱ्या फ्रेटवर, डी पाचव्यावर. स्ट्रोक बसताच डाव्या हाताची पकड सैल करायची, पण बोटं तारांवरून उचलायची नाहीत. खरी करामत या डाव्या हातातच आहे.

कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावा. उजवा हात गिटारबरोबर, डावा प्रत्येक दोन मात्रांच्या मधोमध, हळू आवाजात. बेस गिटारचा टोन नॉब पूर्ण बंद. दोन आवर्तनांचा एकच तुकडा घोळवत ठेवायचा, जागा दिसली म्हणून भरायची नाही. कान तयार करायला जेकब मिलरचा १९७८चा ख्रिसमस अल्बम लावा आणि नुसता बेस ऐका.

सुरुवात 'जिंगल बेल्स'ने करा. धृपदात 'जिं' १ वर, 'गल' २ वर आणि 'बेल्स' बरोबर ३ वर, म्हणजे दणका आपोआप शब्दावर बसतो. 'सायलेंट नाइट' मात्र दादऱ्याच्या चालीचं. ते तसंच रेटलं तर दुसऱ्याच ओळीत सगळे भरकटतात. तीन-तीन मात्रांच्या प्रत्येक तुकड्यात पहिलं अक्षर एक मात्रा जास्त लांबवा. तीनाच्या चार झाल्या की गाणं केरव्यात येतं. गाणाऱ्यांना हे टाळ्या देत आधी वेगळं म्हणायला लावा, वाद्यं नंतर.

आणि गिटार घरात लावून निघू नका. इथल्या डिसेंबरच्या रात्री पोलादी तारा आकसून सूर चढतो. अंगणात दहा मिनिटं गार होऊ द्या, मग लावा.