तुम्ही विचारलंत म्हणून: पेस्ट करताना फॉर्मॅट कुठला?

प्रबंधाची पानं लावून घ्यायला येणारे निम्मे लोक एकच प्रश्न विचारतात. "एक्सेलमध्ये आलेख इतका छान दिसतो, मग वर्डमध्ये टाकून छापल्यावर त्याची रया का जाते? पेस्ट करताना फॉर्मॅट कुठला घ्यायचा?" सदाशिव पेठेतल्या डीटीपीच्या दुकानात याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, मागे लोक खोळंबलेले असतात. तेव्हा निवांत लिहिते.

आपल्याला वाटतं, कॉपी केलं म्हणजे एक चित्र उचललं. विंडोजच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे तात्पुरतं राहतं तिथे, तसं नसतं. तुम्ही कंट्रोल-सी दाबलंत की एक्सेल तोच आलेख एकाच वेळी अनेक रूपांत तिथे मांडतं: मूळ आकड्यांसकट, रेघांच्या सूचनांच्या स्वरूपात, नुसत्या ठिपक्यांच्या स्वरूपात. घेणारा प्रोग्रॅम त्यातलं त्याला कळतं आणि सोयीचं वाटतं ते उचलतो. म्हणून तोच आलेख पेंटमध्ये टाकला तर एक दिसतो आणि वर्डमध्ये टाकला तर दुसराच. साधं कंट्रोल-व्ही दाबलंत की निवड वर्डची. ती आपल्या हातात हवी असेल तर कंट्रोल-ऑल्ट-व्ही. पेस्ट स्पेशलची खिडकी उघडते आणि यादी समोर येते.

यादीतल्या बिटमॅपला, म्हणजे नुसत्या ठिपक्यांच्या चित्राला, मी तरी हात लावत नाही. पडद्यावर ५ इंच रुंद दिसणारा आलेख इंचाला ९६ ठिपके या हिशेबाने ४८० ठिपक्यांचा असतो. ऑफसेट छपाईला इंचाला ३०० लागतात, म्हणजे तेवढ्याच जागेत १५०० हवेत. उरलेले आणायचे कुठून? प्रेसवाला ते निर्माण करू शकत नाही, तो फक्त तुमच्याकडे बघतो.

जेपीईजी आलेखासाठी नकोच. तो फोटोसाठी आहे. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून, डोळ्याला जाणवणार नाही इतपत तपशील तो टाकून देतो. पर्वतीच्या फोटोत ते खरंच जाणवत नाही. पण आलेखाखालचा 'विद्यार्थी' हा शब्द ४०० टक्के मोठा करून बघा. रफाराच्या अवतीभवती राखाडी मुंग्या लागलेल्या दिसतील. पीएनजीत हे होत नाही, त्यात काहीच टाकून दिलं जात नाही. मात्र ठिपके तोही तेवढेच ठेवणार, वाढवून देणार नाही.

राहिला एन्हान्स्ड मेटाफाइल, म्हणजे ईएमएफ. यात ठिपके नसतात, इथून तिथे रेघ ओढ, हा रंग भर, इथे हे अक्षर लिही, अशा सूचना असतात. कितीही ताणा, रेघ फाटत नाही. पारदर्शक रंग आणि सावल्यांचे नखरे त्याला फारसे झेपत नाहीत, पण प्रबंधातल्या आलेखाला सावली हवीच कशाला? इंग्रजी आलेख असेल तर डोळे मिटून ईएमएफ घ्या.

मराठी असेल तर मात्र डोळे उघडे ठेवा. ईएमएफमध्ये फॉन्टचं नाव जातं, फॉन्ट जात नाही. घरच्या संगणकावर सगळं ठीक दिसतं. आमच्याकडे तो फॉन्ट नसेल तर संगणक दुसरा कुठला तरी लावतो आणि जोडाक्षरं मोडतात. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मजकूर असेल तर 'उत्पन्न गट'च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. त्यापेक्षा एक्सेलमध्ये आलेख निवडून त्याची पीडीएफ करा, तिच्यात सहसा फॉन्टही बरोबर जातो. आम्ही ती कोरलमध्ये, म्हणजे आमच्या चित्रं-मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये, घेताना अक्षरं कर्व्ह करून घेतो, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करतो, मग फॉन्टचा प्रश्नच उरत नाही. वर्डमध्येच ठेवायचं असेल तर एक्सेलमध्ये आलेख आणि त्यातली अक्षरं दोन्ही तिप्पट मोठी करा, पीएनजी म्हणून पेस्ट करा आणि मग वर्डमध्ये लहान करा. आणि वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली चित्रं कॉम्प्रेस करू नयेत अशी खूण असते, ती आधीच करून ठेवा. नाहीतर सेव्ह करताना वर्ड परस्पर कात्री चालवतं.

यादीत 'एक्सेल चार्ट ऑब्जेक्ट'ही असतं. दिसायला उत्तम, धोका पोटात. तसं पेस्ट केलं की आलेखाबरोबर अख्खी वर्कबुक, म्हणजे मूळ एक्सेल फाइल, वर्डच्या फाइलमध्ये येऊन बसते, बाकीच्या शीट्ससकट. एका प्रबंधातल्या आलेखावर डबल-क्लिक केल्यावर माझ्यासमोर मुलाखत दिलेल्या सगळ्यांची नावं आणि फोन नंबर उघडले होते. प्रबंधात लिहिलं होतं, ओळख गुप्त ठेवली आहे. फाइल बाहेर द्यायची असेल तर चित्रच द्या.

फोटो पेस्ट करूच नका, मूळ फाइल द्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नेहमीसारखा पाठवलात तर तो बारीक होऊन येतो. लोगोचंही तेच. मागची बाजू पारदर्शक असलेला लोगो कॉपी-पेस्ट केला की पुष्कळदा काळा किंवा पांढरा चौकोन घेऊन येतो, कारण साध्या बिटमॅपला पारदर्शकता कळत नाही. पीएनजी फाइल इन्सर्ट केली की झालं. आणि कॉलेजच्या वेबसाइटवरून उचललेला नखाएवढा लोगो मुखपृष्ठावर मोठा हवा असेल, तर त्याला कुठलाच फॉर्मॅट वाचवू शकत नाही. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन मूळ कोरल फाइल मागा. ती कोणाच्या संगणकावर आहे हे शोधायलाच चकरा पडतील, तेव्हा सबमिशनच्या आदल्या दिवशी जाऊ नका.