लचक नव्हती ती

पोलीस भरतीचं ग्राउंड जवळ आलं की माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये नडगी धरून येणाऱ्यांची रांग लागते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. सराव मात्र पहाटे डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत. नडगी दाबत जायचं. दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर थोडं निभावतं; एका बोटाखाली मावत असेल तर हाडाला चीर असू शकते, त्याच दिवसापासून पळणं बंद.

ही मात्र जांघ धरून आली. वय २०. स्नायू ताणलाय असं समजून मी शेक आणि स्ट्रेचिंग दिलं. चूक माझीच. दहा दिवसांनी वडिलांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आली.

"आता रात्री कूस बदलतानाही कळ येते, मॅडम."

झोपवून, गुडघा वाकवून मांडी आतल्या अंगाला फिरवली, तशी ओठ चावून गप्प झाली. एरवी मी एका पायावर उडी मारायला लावते. त्या दिवशी नाही लावली. खुब्याच्या हाडाच्या मानेला चीर असेल तर त्या उडीनंच हाड सरकायचं.

ऑर्थोपेडिक सरांकडे पाठवलं. एक्स-रे स्वच्छ. "मग नसच दबली असणार," वडील म्हणाले. पण अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयचा खर्च ऐकून ते बराच वेळ बंद मोबाईलकडे बघत बसले. तरी घेऊन गेले.

चीर निघाली. नशीब एवढंच, की मानेच्या खालच्या बाजूला. तिथं वजनानं हाड दाबलं जातं, भरून यायला वाव असतो. वरच्या बाजूची चीर फाकत जाते, मग बहुधा स्क्रूच. हिला सहा आठवडे कुबड्यांवर भागलं.

वडील चहाला गेले तेव्हा मी विचारलं, "पाळी कधी आली होती?"

"सात महिने झाले. बरंच झालं ना मॅडम, सरावात खाडा नाही."

कोऱ्या चहावर आठ किलोमीटर, अकराला एक भाकरी, अंग हलकं राहावं म्हणून भात बंद. खाल्लेलं सगळं पळण्यातच संपलं की शरीर पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं आणि हाडाची रोजची डागडुजी मागे पडते. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

ग्राउंड हुकलं. वडील कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

कुबड्या सुटल्यावर आधी नुसतं चालणं. न दुखता अर्धा तास चालता आलं, तेव्हा मुरमाच्या मैदानावर दिवसाआड एक मिनिट पळ, चार मिनिटं चाल. व्यायामाला तिनं कधी कुरकुर केली नाही. भांडण व्हायचं ते भातावरून. स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवलं. शेंगदाण्याचे लाडू पिशवीत आले, ते आईच्या धाकानं.

पाचव्या महिन्यात रात्री अकराला मेसेज आला, "मॅडम, आली!"

"किती जागांची?" मी लगेच विचारलं.

"जाहिरात नाही ओ मॅडम. पाळी."