बादलीतला गोळा

जमिनीखालच्या केबल आणि पाइप शोधून देणं हे माझं काम. कुठंही खणायच्या आधी आम्ही यंत्र घेऊन जागा पावलापावलानं चालून काढतो, रंगाने खुणा करतो, नकाशा देतो. चौदा वर्षं ठाणे आणि नवी मुंबईचे रस्ते असेच पालथे घातलेत. खाडीतलं काम मात्र क्वचित येतं. त्या अमावास्येला ते ठाण्यात मीठबंदरला आलं. धक्क्याच्या दुरुस्तीसाठी गाळात पाइल, म्हणजे पायाचे खांब, उतरवायचे होते. खाली जुनी केबल किंवा मोठं लोखंड असलं तर ड्रिल अडकतं, म्हणून ओहोटीच्या वेळात तेवढा पट्टा तपासून द्यायचा होता.

अमावास्येला मुंबईत सकाळी सहाच्या सुमारास पाणी तळाला जातं, ठाण्याच्या टोकाला त्याहून थोडं उशिरा. साडेसहाला आम्ही फळ्या टाकून उतरलो. इथला गाळ मांडीपर्यंत ओढून घेतो. गमबुटांचा उपयोग नाही, पाय निघतो आणि बूट आत राहतो. सोबत चेंदणी कोळीवाड्यातले एक तांडेल काका होते, सत्तरीच्या पुढचे. ते अनवाणीच, कुठं पाय टाकायचा हे त्यांना बघावंही लागत नव्हतं. कळव्याच्या पुलाखाली दोरीला चुंबक बांधून नाणी काढणारा एक मुलगाही आमच्या मागे मागे आला. गाडीतून लोक खाडीला नाणी वाहतात, त्यावर त्याचं चालतं. स्टीलचा रुपया आणि दोन रुपये चुंबकाला येतात, पितळी रंगाचा पाचाचा येत नाही, हे त्यानंच मला सांगितलं.

ओला खारा गाळ स्वतःच वीज वाहून नेतो, त्यामुळे साधं मेटल डिटेक्टर तिथं सारखं किणकिणत राहतं. म्हणून मी पल्स पद्धतीचं यंत्र नेलं होतं. त्याला खारेपणाचा त्रास कमी, पण ते खिळा आणि नांगर यांत फारसा भेद करत नाही. काय आहे ते हात घालूनच बघायचं.

पट्ट्याच्या कडेला गाळातून सात-आठ काळी लाकडं वर आली होती, एका ओळीत, बरगड्यांसारखी. काका म्हणाले, "मिठाचा पडाव हाय. माझा बा सांगायचा. इथं जाळं धरतं, म्हणून आमी लांबून जातो." पडाव म्हणजे माल वाहणारी होडी. नकाशात तिचा मागमूस नव्हता. कोळ्यांच्या जाळ्यांना मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती.

त्या बरगड्यांच्या मधोमध यंत्र ओरडलं. मी कोपरापर्यंत हात घातला. आधी वाटोळे धोंडे लागले, एकाला एक लागून रचलेले. हे नीरम, म्हणजे रिकामी होडी कलंडू नये म्हणून तळाशी भरायचं वजन. त्या धोंड्यांमध्ये एक धोंडा नव्हता. नारळाएवढा ढेपळा, त्याला शिंपले, खडे आणि तांबूस गंज चिकटून दगड झालेला. आम्ही तो फळीवर आणला.

मी यंत्र पुसते आहे तेवढ्यात सुपरवायझरने हातोडीचे दोन ठोके दिले. अर्धं कवच सुटलं आणि आतून काळा, गुळगुळीत तोफेचा गोळा निघाला. मुलानं चुंबक लावलं. चिकटलं, पण हलक्या हाताने ओढलं तरी सुटत होतं. मी अंगठ्याचं नख ओढलं तर रेघ उठली आणि बोट पेन्सिलीच्या शिशासारखं काळं झालं. टेपने मापलं तर आरपार अकरा सेंटिमीटर. काकांनी धक्क्यावरून मासळीचा काटा मागवला. साडेतीन किलो.

तिथं माझ्या पोटात गोळा आला. अकरा सेंटिमीटरचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भरीव गोळा पाच किलोच्या आसपास भरायला हवा. मग दीड किलो गेलं कुठं?

उत्तरं दोन होती. बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या रूपात असतो. खारं पाणी वर्षानुवर्षं त्यातलं लोखंड खात जातं आणि ग्रॅफाइट मूळ आकार धरून बसतो. गोळा दिसतो तेवढाच, पण हलका आणि नखाने ओरखडता येईल इतका मऊ. हे झालं एक उत्तर. दुसरं म्हणजे तो मुळातच पोकळ होता आणि आत स्फोटाची दारू होती. पोकळ गोळ्याला वातीसाठी भोक असतं. पण अर्धं कवच अजून चिकटलेलं, भोक त्याखाली असलं तर दिसणार कसं? वजनावरून दोन्ही खरं ठरत होतं.

"हातोडी खाली ठेवा," मी म्हटलं. सुपरवायझर म्हणाला, "ताई, शे-दोनशे वर्षांचं दारूसामान भिजून मेलेलं असतं. भंगारात जाईल." मुंबईच्या माणसाने तरी असं बोलू नये. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज उडालं, त्यात कापूस, सोनं आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं एकाच पोटात भरलेली होती. शेकडो माणसं गेली. या बंदराच्या गाळात काय काय पडलंय, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. भिजलेली दारू मेली की नाही हे हातोडीने बघायचं नसतं. मी तोपर्यंत या माणसाशी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला.

पाणी फिरलं होतं. गोळा धक्क्यावर न्यायला जीव धजेना. जिथं होता तिथंच बरगड्यांमध्ये तो ठेवला, बांबू रोवून लाल फडकं बांधलं, सगळ्यांना वर काढलं आणि ११२ ला फोन केला. पोलीस आले, बॉम्बशोधक पथकाला कळवलं. पथक पोहोचेपर्यंत भरतीने बांबूचं टोक तेवढं ठेवलं होतं. आता संध्याकाळच्या ओहोटीची वाट बघायची.

तो दिवस मी धक्क्यावरच काढला. भीती होती, पण गोळा पाण्यात आहे याचं बरंही वाटत होतं. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी उरणच्या किनाऱ्यावर मला नांगराची एक जुनी कडी सापडली होती. हातभर रुंद, घडवलेलं लोखंड. मी ती तारेच्या ब्रशने घासली, उन्हात वाळवली, तेल लावून दिवाणखान्यात ठेवली. पहिल्या पावसाळ्यात तिच्यावर तांबूस थेंब उभे राहिले, घाम आल्यासारखे. दुसऱ्या पावसाळ्यात तिचे पापुद्रे सुटायला लागले. शेवटी झाडूने गोळा करावी लागली. नंतर संग्रहालयात धातूंची निगा राखणाऱ्या एका बाईंनी मला समजावलं की लोखंडात मुरलेलं मीठ हवा लागली की त्याला आतून फोडतं. समुद्रातलं लोखंड वाळू द्यायचं नाही. धुण्याचा सोडा घातलेल्या गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं आणि महिनोन्‌महिने पाणी बदलत मीठ बाहेर काढायचं. ती कडी मी मारली. हे मला अजून सलतं.

काकांनी विचारलं, "गोळा कुनाचा?" मी किल्ल्याच्या दिशेने हात केला. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजेच तो किल्ला. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी मराठ्यांकडून. त्या वेढ्यात इंग्रजांच्या आरमाराचा प्रमुख जॉन वॉटसन जखमी होऊन मेला. गोळे दोन्ही वेळा पडले. पण हा नीरमाच्या धोंड्यांत रचलेला होता. जुने गोळे वजन म्हणूनही होडीत टाकत, त्यामुळे तो कुठल्याही बंदरातून आलेला असू शकतो. काका बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे यो मारायला नाय आला. वजनाला आला."

संध्याकाळी सातनंतर पाणी उतरलं. पथकाने आम्हाला कारखान्याच्या भिंतीमागे पाठवलं आणि विजेरीच्या उजेडात उचलून नेता येणाऱ्या यंत्राने गोळ्याचा एक्स-रे काढला. अर्ध्या तासाने त्यांच्यातल्या एकाने पडद्यावरचं चित्र दाखवलं. मध्ये दाट गाभा, भोवती फिकट जाड साल, पोकळी नाही, भोक नाही. भरीव. मधलं लोखंड शाबूत होतं, बाहेरचं खाडीने खाल्लं होतं.

मग पंचनामा. "खाडीच्या गाळात मिळालेला लोखंडी गोळा, वजन अंदाजे साडेतीन किलो." दहा रुपयांहून जास्त किमतीचं जुनं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असा निखात निधीचा १८७८ चा कायदा आहे. ते पत्र मी तिथंच धक्क्यावर लिहून दिलं. हवालदार गोळा गोणपाटात गुंडाळायला लागले तसं मी त्यांना थांबवलं आणि काकांच्या घरून बादली आणली.

"मुद्देमाल पाण्यात ठेवायचा?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना कडीची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, काही बोलले नाहीत. बादली नळाच्या पाण्याने भरली, गोळा दोन्ही हातांनी अलगद आत सोडला आणि मुद्देमालाची चिठ्ठी बादलीच्या कडीला बांधली.

पाइलची ओळ पडाव सोडून दोन मीटर सरकवली. तेवढ्यासाठी तीन बैठका झाल्या.

वीस दिवसांनी हवालदारांचा फोन आला. "ताई, कलेक्टर ऑफिसचा माणूस बघून गेला, नेणार म्हणतात. तोवर पाणी मीच बदलतोय. आधी चहासारखं व्हायचं, आता फिकट आहे. तो सोडा कुठला म्हणालात?"

"किराणा दुकानातला धुण्याचा," मी म्हटलं. "खाण्याचा नको. आणि गोळा पूर्ण बुडलेला राहू द्या."

"बुडलेलाच आहे," ते म्हणाले. "वर ताट झाकलंय."