ले मान्स: गाड्या पळत राहिल्या आणि रस्ता बदलत गेला

ले मान्सची २४ तासांची रेस म्हटलं की लोक पोर्श, फेरारी, ऑडीवर तासन्‌तास बोलतात, पण मला विचाराल तर या रेसचा खरा इतिहास तिथल्या रस्त्यात आहे. आणि तो खराखुरा रस्ताच आहे बरं का, ट्रॅकचा बराच भाग एरवी फ्रान्समधल्या साध्या वाहतुकीला खुला असतो.

१९२३ ला पहिली रेस झाली तेव्हा एक लॅप १७.२६ किमीचा होता, गाड्या थेट पोंतल्यूच्या वस्तीपर्यंत जायच्या आणि तिथे एकदम गर्रकन वळून परत फिरायच्या. पुढे वस्ती वाढली, वेगही वाढला, मग १९२९ ला त्या वस्तीला थोडा फाटा दिला आणि १९३२ ला तो अख्खा भागच वगळला, लॅप आला साडेतेरा किमीवर. डनलॉप कर्व्ह हे वळण आणि एसेस ही नागमोडी वळणं तेव्हापासूनची.

मग १९५५. पियेर लव्हेची मर्सिडीज मेन स्ट्रेटवर उडून गर्दीत गेली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. तिथे पिट (गाड्या इंधन-टायरसाठी थांबतात ती जागा) आणि रेसचा रस्ता यांच्यामध्ये साधी भिंतसुद्धा नव्हती, गाडी पिटला वळली की मागून येणाऱ्याला जागाच उरायची नाही! नंतर पिट पाडून मागे नवीन बांधले, तिथला रस्ता रुंद केला. १९७२ ला पोर्श कर्व्हज ही नवी वळणं आली ती पण मेझों ब्लांश नावाचा धोकादायक पट्टा टाळायला.

आता याच ट्रॅकवरची मल्सान स्ट्रेट. जवळपास ६ किमी सरळसोट. १९८८ ला रोजर डॉर्शीने तिथे डब्ल्यूएम-प्यूजो गाडी ताशी ४०५ किमी वेगाने पळवली, आणि १९९० ला त्याच रस्त्यात दोन शिकेन (वेग कमी करायला लावणारी मुद्दाम केलेली वळणं) घातले, कारण २ किमीपेक्षा लांब स्ट्रेट नको असा नियम आला. जुने फॅन अजून हळहळतात, पण १९८१ ला जाँ-लुई लाफोस आणि १९८६ ला यो गार्टनर हे ड्रायव्हर याच स्ट्रेटवर अपघातात गेले, त्यामुळे मला तो निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो.

शिवाय शिकेनमुळे रेस मेली असंही नाही. १९७१ ला, म्हणजे ती स्ट्रेट मोकळी असताना, मार्को आणि व्हान लेनेपच्या पोर्श ९१७ ने २४ तासांत ५३३५ किमी काढले होते, तो रेकॉर्ड ३९ वर्षं टिकला आणि शेवटी २०१० ला ऑडीने मोडला, दोन्ही शिकेनमधून प्रत्येक लॅपला ब्रेक मारत, ५४१० किमी.